सरकते छत्र : वैमानिकाच्या डोक्यावरील पारदर्शक दाराचा इतिहास

रेडिओ-नियंत्रित विमानांच्या मेळाव्यात एक दृश्य हमखास टाळी घेऊन जाते. ‘स्पिटफायर’ या लढाऊ विमानाची दोन-सव्वादोन मीटर पंखविस्ताराची प्रतिकृती गवतावर उतरते, डुलत डुलत कडेला येते, तिचे इंजिन थांबते आणि मग कॉकपिटवरील पारदर्शक छत्र सावकाश मागे सरकते. आत बसविलेला वीतभर उंचीचा वैमानिक जणू मोकळा श्वास घेऊ लागतो. या हालचालीमुळे विमान अधिक चांगले उडते असे मुळीच नाही. उलट रूळ, मोटार आणि तारा यांचे वजन तेवढे वाढते. तरीही जगभरातील हौशी कारागीर या एका हालचालीसाठी महिनोन्‌महिने खपतात. त्यांच्या या खटाटोपाचा अर्थ समजून घ्यावयाचा, तर खऱ्या विमानांवर हे छत्र कसे आले, त्यासाठी कोणती किंमत मोजावी लागली आणि ते उघडण्यावर कितीजणांचे प्राण अवलंबून होते, हे पाहावे लागते.

विमानयुगाच्या आरंभी छत्र ही कल्पनाच नव्हती. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंनी पहिले उड्डाण केले, तेव्हा चालक खालच्या पंखावर पालथा पडून होता. पुढे त्याला बसावयास आसन मिळाले आणि वाऱ्याचा मारा अडविण्यासाठी समोर एक लहानसा पडदा आला. पण डोके उघडेच राहिले. कातडी टोपी, चष्मा आणि गळ्याभोवतीचा रुमाल हे वैमानिकाचे परिचित रूप त्या उघड्या कॉकपिटमधून जन्मले. वाऱ्याचा गालावरील स्पर्श, तारांचा आवाज, जळत्या तेलाचा वास यांवरून विमानाची प्रकृती ओळखावयाची, असा त्या पिढीचा शिरस्ता होता. विमान आडवे घसरू लागले की एका गालाला वारा अधिक लागे. कित्येकांना हा गालच उपकरणापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटे.

१९३० नंतरच्या दशकात वेग वाढला आणि हे सुख परवडेनासे झाले. उघड्या कॉकपिटभोवती हवेचे भोवरे उठतात आणि ते विमानाला मागे ओढतात. शिवाय उंचीवरील थंडी असह्य होते. अभियंत्यांनी छत्र बसविण्याचा आग्रह धरला, तर वैमानिकांनी त्याला विरोध केला. सोव्हिएत संघाचे ‘आय-१६’ हे विमान ३० डिसेंबर १९३३ रोजी प्रथम उडाले. त्याच्या आरंभीच्या एका प्रकाराला पुढे सरकणारे छत्र होते. परंतु वैमानिक ते बहुधा उघडेच ठेवीत, आणि पुढील प्रकारांत ते काढूनच टाकण्यात आले. इटलीच्या ‘फियाट जी-५०’ या विमानाचीही तीच कथा आहे. पहिल्या तुकडीतील विमानांना सरकते छत्र होते. वैमानिकांना ते रुचले नाही, म्हणून नंतरची विमाने पुन्हा उघड्या कॉकपिटची बनविली गेली.

या विरोधाला केवळ जुन्याची ओढ म्हणणे अन्यायाचे होईल. त्या काळातील पारदर्शक पत्रे लवकर ओरखडत, पिवळट पडत आणि त्यांतून दिसणारे दृश्य धूसर होई. शत्रूचे विमान दूरवर एका ठिपक्याएवढे दिसते. ओरखडा आणि ठिपका यांतील भेद क्षणात कळला नाही, तर पुढचा क्षण मिळेलच असे नाही. त्याहून मोठे भय दुसरे होते. विमानाला आग लागली आणि छत्र उघडले नाही, तर काय? हवाई छत्री पाठीशी असूनही माणूस आतच अडकून पडणार. म्हणून बंद कॉकपिट स्वीकारण्यापूर्वी वैमानिकांना दोन गोष्टींची खात्री हवी होती : आतून बाहेरचे स्वच्छ दिसले पाहिजे आणि हवे तेव्हा बाहेर पडता आले पाहिजे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर रसायनशाळेतून आले. जर्मनीत ओटो रोम यांच्या कंपनीने आणि इंग्लंडमध्ये इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या संशोधकांनी जवळजवळ एकाच काळात एक नवे प्लॅस्टिक बाजारात आणले. जर्मनीत त्याला ‘प्लेक्सिग्लास’ हे नाव मिळाले, तर इंग्लंडमध्ये ‘पर्स्पेक्स’. ते काचेसारखे स्वच्छ होते आणि वजनाला काचेच्या निम्म्याहून कमी भरे. सुमारे १५० ते १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले की ते मऊ पडे आणि साच्यावर बसवून त्याला हवा तसा गोलावा देता येई. काचेला असा गोलावा देणे खर्चिक आणि जड काम होते. पर्स्पेक्समुळे छत्र हा लोखंडी चौकटींत बसविलेल्या तावदानांचा पिंजरा राहिला नाही. त्याचा हळूहळू एकसंध बुडबुडा होत गेला.

दुसऱ्या प्रश्नाची, म्हणजे बाहेर पडण्याची, दोन उत्तरे पुढे आली. जर्मनीच्या ‘मेसरश्मिट १०९’ विमानाचे छत्र पेटीच्या झाकणासारखे एका बाजूला बिजागरीवर उघडे. जमिनीवर ते सोयीचे होते. मात्र उड्डाणात ते उघडून ठेवता येत नसे, आणीबाणीत सुटे करून फेकून द्यावे लागे. इंग्लंडच्या ‘हरिकेन’ आणि ‘स्पिटफायर’ या विमानांनी मागे सरकणारे छत्र पत्करले. ‘स्पिटफायर’ ५ मार्च १९३६ रोजी प्रथम उडाले. त्याचे लांब नाक जमिनीवर असताना वर उचललेले असे आणि समोरचे काहीच दिसत नसे. वैमानिक छत्र मागे सारून, डोके बाहेर काढून, विमान नागमोडी चालवीत धावपट्टीकडे नेई. विमानवाहू जहाजांवरील वैमानिक तर उड्डाण करताना आणि उतरताना छत्र उघडेच ठेवीत. विमान समुद्रात पडलेच, तर ते बुडण्यापूर्वी बाहेर पडण्याची संधी मिळावी, हा त्यामागील हेतू. सरकत्या छत्राचे हे मोठे वैशिष्ट्य : ते पूर्ण बंद, पूर्ण उघडे किंवा दोन्हींच्या मधल्या कोणत्याही स्थितीत राहू शकते.

मात्र सरकते छत्र वेगात सहजासहजी सरकत नाही, हा धडा लवकरच मिळाला. समुद्रसपाटीजवळ ताशी ३६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानावर समोरून येणाऱ्या हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६०० किलो वजनाइतका असतो. वेग दुप्पट झाला की हा दाब चौपट होतो. छत्राच्या फुगीर पाठीवरून हवा अधिक वेगाने वाहते, तेथील दाब आतल्या हवेपेक्षा कमी होतो आणि छत्र बाहेरच्या बाजूस खेचले जाऊन रुळांवर घट्ट आवळले जाते. सुरुवातीच्या ‘स्पिटफायर’मध्ये मोठ्या वेगात छत्र उघडणे जवळजवळ अशक्य आहे असे आढळले. त्यावर उपाय म्हणून छत्राच्या बाजूला एक लहानसे फोडता येण्याजोगे तावदान ठेवण्यात आले. ते फोडले की आतला आणि बाहेरचा दाब सारखा होई आणि छत्र सुटे होई. शिवाय कॉकपिटच्या दारावर एक लहान पहार अडकविलेली असे. विज्ञान आणि पहार यांचे हे शेजारपण त्या काळच्या वैमानिकाला मुळीच विचित्र वाटले नसेल.

मागून येणारा शत्रू दिसावा म्हणून छत्राचा आकारही बदलत गेला. आरंभीचे सपाट माथ्याचे छत्र जाऊन फुगीर छत्र आले. इंग्लंडमधील माल्कम कंपनीने बनविलेल्या अशा छत्राला तिचेच नाव मिळाले आणि अमेरिकेच्या ‘मस्टँग’ विमानाच्या बिजागरीच्या छत्राऐवजी ते बसविण्यात येऊ लागले. पुढची पायरी बुडबुड्याच्या आकाराच्या एकसंध छत्राची. ‘टायफून’ विमानाला आधी मोटारगाडीसारखे दार होते. ते काढून असे सरकते छत्र आले. १९४३ साली तेच छत्र अमेरिकनांनी आपल्या ‘थंडरबोल्ट’ विमानावर बसवून पाहिले. अशा छत्रासाठी वैमानिकाच्या पाठीमागचा विमानाचा उंचवटा छाटावा लागला. त्यामुळे चारही दिशा दिसू लागल्या खऱ्या. पण विमानाची दिशा स्थिर राखण्याची शक्ती थोडी घटली, आणि नव्या ‘मस्टँग’च्या शेपटीपुढे एक निमुळती पट्टी जोडावी लागली. छत्र बदलले म्हणून शेपूट बदलले. विमानात कोणताही भाग एकटा नसतो, हे यावरून दिसते.

या पारदर्शक छत्राने कधी जखमही केली, आणि त्या जखमेतून एक अनपेक्षित वरदान लाभले. १५ ऑगस्ट १९४० रोजी इंग्लंडच्या आकाशात गॉर्डन क्लीव्हर या वैमानिकाच्या ‘हरिकेन’चे छत्र गोळीने फुटले आणि पर्स्पेक्सचे कण त्याच्या दोन्ही डोळ्यांत शिरले. त्याच्यावर अनेक शस्त्रक्रिया झाल्या. नेत्रतज्ज्ञ हॅरल्ड रिडली यांनी अशा रुग्णांच्या बाबतीत एक गोष्ट टिपून ठेवली : काचेचा कण डोळ्यात राहिला की डोळा लाल होतो, सुजतो, पर्स्पेक्सचा कण मात्र डोळा निमूटपणे सहन करतो. मोतीबिंदू काढल्यानंतर डोळ्यात कृत्रिम भिंग बसविता येईल का, या प्रश्नाचे उत्तर त्यांना येथे सापडले. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे भिंग प्रथम एका रुग्णाच्या डोळ्यात बसविले. अनेक सहव्यावसायिकांनी दीर्घकाळ विरोध केला. तरी पुढे हीच पद्धत जगभर रूढ झाली. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाशी संलग्न ‘ऑरोलॅब’ने १९९२ पासून अशी भिंगे भारतातच बनवावयास आरंभ केला आणि आयात भिंगांच्या किमतीच्या लहानशा अंशात ती गरिबांपर्यंत पोहोचविली. आज घरोघरीचे आजी-आजोबा नातवंडांची पत्रिका ज्या भिंगातून वाचतात, त्याच्या वंशावळीत युद्धविमानाचे एक फुटलेले छत्र आहे.

भारतीय हवाई दलाने हा सारा प्रवास थोड्या वर्षांत अनुभवला. १ एप्रिल १९३३ रोजी स्थापन झालेल्या पहिल्या स्क्वॉड्रनकडे उघड्या कॉकपिटची ‘वापिटी’ विमाने होती. दुसऱ्या महायुद्धात ‘हरिकेन’ आणि ‘स्पिटफायर’ आली. स्वातंत्र्यानंतर लगेच काश्मीरच्या मोहिमेत बुडबुडा-छत्राची ‘टेम्पेस्ट’ विमाने लढली. पुढे ‘व्हॅम्पायर’ आणि ‘हंटर’ या जेट विमानांनीही सरकते छत्र कायम ठेवले. दुरुस्ती आणि बांधणीची विद्या याच काळात बंगळुरात रुजत होती. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४० साली तेथे हिंदुस्थान एअरक्राफ्टची स्थापना झाली. कोल्हापूर परिसरातील हसूर गावी जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे हे गोटिंगेन येथे वायुगतिशास्त्राचे आचार्य लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकून आले होते. त्यांच्या नेतृत्वाखाली संकल्पित झालेले ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण-विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी आकाशात झेपावले. त्यात शिक्षक आणि शिष्य एकामागे एक बसत आणि दोघांच्याही डोक्यावर पारदर्शक छत्र असे. दक्षिणेत स्थिरावलेल्या या मराठी शास्त्रज्ञाने घडविलेल्या विमानावर भारताच्या अनेक वैमानिकांनी उड्डाणाची बाराखडी गिरविली.

छोट्या विमानांचा इतिहास तर मोठ्या विमानांहून जुना. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या उद्यानात आल्फोन्स पेनो या तरुणाने पीळ दिलेल्या रबरावर चालणारे लहानसे विमान उडविले. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले. राइट बंधूंना लहानपणी वडिलांनी दिलेले उडते खेळणे याच पेनोच्या कल्पनेवर बेतलेले होते. १९३७ च्या सुमारास अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी रेडिओने नियंत्रित होणारे विमान यशस्वीपणे उडविले. पुढे रेडिओयंत्रणा हलकी झाली, एकेका क्रियेसाठी स्वतंत्र सर्व्हो मोटार बसविता येऊ लागली, आणि हुबेहूब प्रतिकृती घडविणाऱ्यांची दृष्टी चाके, पंखांच्या झडपा यांवरून अखेर छत्राकडे वळली. भारतात राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेने विमानप्रतिकृती घडविणे आणि उडविणे हा प्रशिक्षणाचाच भाग केल्यामुळे ही विद्या शाळा-महाविद्यालयांच्या अंगणात पोहोचली.

प्रतिकृतीवर चालते सरकते छत्र बसविणारा कारागीर वरील इतिहासातील जवळजवळ प्रत्येक अडचणीला आपल्या टेबलावर पुन्हा भेटतो. प्रथम पारदर्शकता. लाकडाचा किंवा प्लॅस्टरचा ठोकळा छत्राच्या आकारात घासावा लागतो, आणि तोही प्लॅस्टिकच्या जाडीएवढा लहान. तापवून लवचीक झालेला पत्रा त्यावर ओढून खालून हवा शोषून घेतली की तो ठोकळ्याला चिकटून आकार घेतो. घरातील धूळ शोषणारे यंत्रही या कामी येते. ठोकळ्यावर राहिलेला एक बारीक ओरखडाही छत्रावर उमटतो. चौकट जोडताना झटपट चिकटणारा डिंक वापरला, तर त्याच्या वाफेने पत्र्यावर पांढरी साय धरते आणि आठवड्याचे श्रम वाया जातात. म्हणून जाणकार पाण्यात विरघळणारा, सावकाश वाळणारा आणि वाळल्यावर पारदर्शक होणारा डिंक पसंत करतात.

मग रुळांचा प्रश्न. बहुधा तीन रूळ लागतात : कॉकपिटच्या दोन्ही काठांवर एकेक आणि पाठीच्या मध्यावर एक. बारीक पितळी नळीला लांबीच्या दिशेने चीर पाडावयाची आणि त्यात छत्राला जोडलेली पोलादी तार सरकू द्यावयाची, ही सोपी आणि जुनी युक्ती. मात्र विमानाचे शरीर मागे निमुळते होत जाते. रूळही तसेच एकमेकांकडे झुकले तर छत्र मागे जाता जाता चिमटले जाते. म्हणून बाजू तिरप्या असल्या तरी रूळ समांतरच हवेत. दुसरी अडचण कपाटाच्या खणाची. रुंद खण एकाच कोपऱ्याला धरून ओढला की तो तिरका होऊन अडकतो. छत्रही एका बाजूने ओढले तर तसेच रुतते. यासाठी ओढ मध्यावरून द्यावी लागते आणि रुळाला धरून असलेला भाग शक्य तितका लांब ठेवावा लागतो.

यानंतर मोटार. साधी सर्व्हो मोटार आपला दांडा सुमारे ९० अंशांत फिरविते. दांडा ५ सेंटिमीटर लांब असेल, तर त्याचे टोक सरळ रेषेत जेमतेम ७ सेंटिमीटर अंतर कापते. छत्राला याहून लांब जावयाचे असेल, तर खेळण्यातील नौकांची शिडे ओढणारी, अनेक फेरे घेणारी मोटार आणि दोऱ्याच्या कप्प्या लागतात, किंवा आटे पाडलेल्या दांड्यावर चालणारी लहान मोटार बसवावी लागते. यात धोकाही आहे. छत्र मध्येच अडकले तरी सर्व्हो आपले काम पुरे करण्यासाठी जोर लावीतच राहते आणि विजेचा प्रवाह खेचीत राहते. तीच बॅटरी विमानाच्या नियंत्रणालाही वीज पुरवीत असेल, तर ती उतरते, जमिनीवरून पाठविलेला संदेश विमान ऐकेनासे होते आणि वर्षभराच्या कष्टांची माती होते. म्हणून सुज्ञ कारागीर छत्राला वेगळी बॅटरी देतो किंवा छत्र टोकाला पोहोचले की मोटार बंद पाडणारा खटका बसवितो. प्रतिकृतीत माणूस बसलेला नसतो. पण ती कोसळलीच, तर ज्या मैदानावर कोसळते तेथे माणसे उभी असतात.

शेवटचा धडा हवेचाच. ताशी ९० किलोमीटर वेगाने उडणाऱ्या प्रतिकृतीच्या तळहाताएवढ्या छत्रावरही अर्ध्या किलोच्या आसपास जोर येऊ शकतो. टेबलावर लोण्यासारखे सरकणारे छत्र आकाशात एकतर उडून जाते किंवा रुळांना घट्ट धरून बसते. ‘स्पिटफायर’च्या वैमानिकाला ज्याने छळले, तेच हे शोषण. त्यामुळे बंद अवस्थेत छत्र पक्के धरणारी खिटी हवी, आणि उघडताना प्रथम ती सुटून मग छत्र सरकले पाहिजे, असा क्रमही जुळवावा लागतो.

इतिहासाच्या पुस्तकात ‘वैमानिकांनी बंद छत्राला विरोध केला’ हे वाक्य एका ओळीत वाचून होते. ज्या विद्यार्थ्याचे छत्र तिसऱ्यांदा अडकले आहे, त्याला त्या वाक्यामागचे भय बोटांना कळते. आग लागलेल्या विमानात हेच अडकले असते तर, हा विचार त्याच्या मनात येतो आणि रूळ पुन्हा घासावयास तो आपणहून बसतो. हस्तव्यवसायाच्या तासाचे मोल अशा वेळी कळते.

अनुभवी कारागीर अशा विद्यार्थ्याला एक साधी परीक्षा सांगतात. मोटार जोडू नये. विमान हातात घ्यावे आणि नाक हळूहळू वर करावे. छत्र कोणताही धक्का न देता, आपल्याच वजनाने, शेवटपर्यंत मागे घसरले पाहिजे. नाक खाली केले की तसेच पुढे आले पाहिजे. जेथे ते थबकेल, तेथे खूण करावी आणि बारीक कानसेने घासून पुन्हा पाहावे. ही परीक्षा उतरल्यावरच मोटारीला हात लावावा.